बाग बुडायलाच हवी! (दहिसर नदी, पूर आणि नदीकाठची उद्यानं)

पिंपळपार (धागाकर्ता)

सोमवारी सकाळी फिरायला गेलो तर आमच्या नदीकाठच्या बागेभोवती नवी भिंत उठत होती. मुकादम बाजूला उभा होता. विचारलं, ही कशाला? म्हणाला, "पावसात पाणी आत येतं ना साहेब, बाग खराब होते." घरी आलो, चहा केला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. बागेत पाणी शिरू नये म्हणून भिंत घातली, तर तेच पाणी समोरच्या काठावरच्या चाळीत शिरणार. हिरवळ कोरडी आणि माणसं गुडघाभर पाण्यात.

माझं म्हणणं एवढंच आहे की नदीकाठची बाग वर्षातून चार-सहा वेळा बुडालीच पाहिजे. ती बांधायचीच त्यासाठी. हे नीट मांडता येतंय का बघतो. चुकलो तर जाणकारांनी कान धरावा.

आधी नदी. दहिसर नदी तुळशी तलावाजवळ उगम पावते, राष्ट्रीय उद्यानातून उतरते, मग श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा, दहिसर गावठाण करत मनोरीच्या खाडीला मिळते. सगळी मिळून बारा किलोमीटर. उद्यानाच्या हद्दीत श्रावणात तिच्या तळाचे गोटे दिसतात. बाहेर पडली की थोड्याच अंतरात ती नाला होते. बोरिवलीतले निम्मे लोक तिला नालाच म्हणतात आणि वास घेतल्यावर त्यांना दोष देववत नाही. इथे पूर्वी सिनेमाची शूटिंगं व्हायची, हे सांगितलं तर आमची मुलं हसतात.

मुंबईच्या चारही नद्यांची कुंडली अशीच. मिठी, पोयसर, ओशिवरा, दहिसर. सगळ्या डोंगरातून निघतात आणि फार तर सतरा-अठरा किलोमीटरांत खाडी गाठतात. वर तीव्र उतार, खाली सपाट खाजण (खाडीकाठची दलदल) आणि टोकाला भरती. त्यामुळे आपला पूर सांगली-कोल्हापूरसारखा आठवडाभर मुक्काम करत नाही. डोंगरात पाऊस कोसळला की तास-दोन तासांत पाणी दारात, आणि ओहोटी लागली की पाच-सहा तासांत गायब. हा तासांचा पूर आहे. म्हणून पाणी काही तास कुठेतरी थोपवून धरणं, या एका गोष्टीला आपल्याकडे सोन्याचा भाव आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. (प्रत्येकाची आपापली २६ जुलै आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे नको.) त्यानंतर माधवराव चितळे समिती बसली, मिठीसाठी प्राधिकरण झालं, मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालावरची धूळ झटकली गेली आणि पंपिंग स्टेशनं उभी राहिली. ही कामं गरजेचीच होती. पण नदीच्या बाबतीत आपला मंत्र एकच राहिला: खोल करा, सरळ करा, दोन्ही बाजूंना काँक्रीट उभं करा. आता सरळ, गुळगुळीत पात्रात पाणी वेगाने पळतं. म्हणजे वरच्या वस्तीची सुटका झाली आणि खालच्या वस्तीला तेच पाणी लवकर आणि एकदम मिळालं. लव्हाळ्याची गोष्ट शाळेत शिकायची आणि मोठेपणी भिंती बांधायच्या, हे आपल्याला छान जमतं.

दुसरी वाट आहे. सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानातून कल्लांग नदीचा सरळसोट काँक्रीट कालवा जायचा. तो त्यांनी फोडला. २.७ किलोमीटरचा कालवा ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी झाली आणि २०१२ मध्ये बाग खुली झाली. कालव्याची रुंदी १७ ते २४ मीटर होती. आता मोठ्या पावसात पाणी जवळजवळ १०० मीटरपर्यंत हिरवळीवर पसरतं. फोडलेल्या काँक्रीटचीच त्यांनी एक टेकडी केली, तीवर चढून लोक नदी बघतात. बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठाची शताब्दी बाग (२०१७) तर अख्खी तिरकी आहे, तीन अंशांचा उतार. वर पडलेलं पाणी सखल टोकाच्या तळ्यात जमतं. अकरा एकर, पण सुमारे १० लाख गॅलन पाणी धरते.

आपल्याकडे काय होऊ शकतं? बोला.

तिरफळ

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. ती तिरकी बाग बघायलाच हवी. आमच्या सोसायटीचं पार्किंग अपघाताने तसंच झालंय.

रोखठोक

धागा छान, पण वस्तुस्थिती ऐका. आमची इमारत नदीपासून चाळीस पावलांवर. संरक्षक भिंत झाल्यापासून तळमजल्यावर पाणी आलेलं नाही. त्याआधी तीन वेळा फ्रीज बदलला. आता तुम्ही म्हणता भिंत नको? सिंगापूरचे फोटो टाकणाऱ्यांनी एकदा तळमजल्यावर राहून बघावं. करायचंच तर साबरमतीसारखं करा. स्वच्छ, सरळ, दोन्ही बाजूंना फिरायला जागा.

पिंपळपार

@रोखठोक, फ्रीजचं दुःख मान्य, आमच्याकडे कपाट होतं. जिथे इमारत काठाला चिकटलीय तिथली भिंत काढा, असं कुणीच म्हणत नाहीये. प्रश्न बागेच्या भिंतीचा आहे. तुमच्या अलीकडे-पलीकडे मोकळी जागा असेल आणि तिथे पाणी पसरलं, तर तुमच्या भिंतीवरचाच भार उतरतो.

साबरमतीचं म्हणाल तर तिथे दोन्ही काठांना भिंती आहेत आणि पात्रात दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्याचं. फिरायला छान जागा आहे, वाद नाही. पण बारा किलोमीटरच्या आपल्या नदीला पावसाळ्यात तासाभरात चढणारा पूर येतो आणि उन्हाळ्यात सांडपाण्याशिवाय काही नसतं. तिला तो सदरा बसायचा नाही.

मुरूम_खडी

तीस वर्षं पावसाळी गटारांच्या कामात गेली, आता निवृत्त. धाग्याचा हेतू चांगला आहे म्हणून गणित मांडतो, नाहीतर उद्या कुणीतरी "एका बागेने पूर थांबेल" असा फॉरवर्ड फिरवायला लागेल.

एक हेक्टरची बाग घ्या. म्हणजे अडीच एकर, मुंबईत ही मोठी बाग झाली. ती सरासरी एक मीटर खोलगट केली तर १०,००० घनमीटर पाणी मावलं. एक कोटी लिटर. ऐकायला भरपूर वाटतं ना? आता एक चौरस किलोमीटर वस्तीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडतोय असं धरा (ब्रिमस्टोवॅडमध्ये गटारं याच वेगासाठी वाढवायची ठरली, आधीची तासाला २५ मिलिमीटरची होती). एका तासात ५०,००० घनमीटर, पाच कोटी लिटर. डांबर आणि काँक्रीटवर मुरतं फारसं नाही, बहुतेक सगळं वाहतं. म्हणजे तुमची एक हेक्टरची बाग किती वेळ तग धरेल?

बारा मिनिटं.

२६ जुलैचा हिशेब तर नकोच. ९४४ मिलिमीटर म्हणजे एका चौरस किलोमीटरवर ९ लाख ४४ हजार घनमीटर. त्याला अशा चौऱ्याण्णव बागा लागतील, म्हणजे जवळजवळ त्या चौरस किलोमीटरभर बागच. वस्ती कुठे ठेवायची?

तरीही मी बागेच्या बाजूचा आहे. का, ते सांगतो. गटाराची क्षमता तासाला ५० ची आहे आणि पाऊस ६५ चा पडतोय असं समजा. मग थोपवायचं ते वरचं १५. बागेने पूर्ण पाऊस गिळायचा नाहीये, फक्त शेंडा कापायचा आहे. तेवढ्यासाठी तीच बाग बारा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं पुरते. वरच्या टप्प्यापासून खालपर्यंत अशा चार-पाच जागा मिळाल्या तर भरतीचे अडचणीचे दोन-तीन तास निघून जातात. मुंबईत सगळा खेळ त्या दोन-तीन तासांचाच आहे.

पण इथेच बहुतेक लोक चुकतात. बाग नदीला सरळ उघडी ठेवलीत तर पहिल्या सरीलाच ती भरून बसते आणि खरा लोंढा येतो तेव्हा तिच्यात जागा उरत नाही. म्हणून काठाला एक बुटका सांडवा ठेवायचा. रोजचं पाणी पात्रातूनच जाईल, पातळी ठरावीक उंचीच्या वर गेली की जास्तीचं पाणी सांडव्यावरून बागेत उतरेल. तळाला पाईप आणि एकाच दिशेने उघडणारी झडप. नदी उतरली की बाग आपोआप रिकामी. पंप नको, डिझेल नको, रात्री दोन वाजता फोन न उचलणारा ऑपरेटर नको. सांडव्याची उंची चार बोटं चुकली तरी सगळा खर्च पाण्यात (शब्दशः).

पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताला भूमिगत टाक्या केल्या, परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरला प्रमोद महाजन उद्यानाखाली. तिथे पंपाने पाणी टाकीत घेतात आणि ओहोटीला बाहेर काढतात. जागा नसेल तिथे तोच उपाय. पण उघडी बाग स्वस्त पडते, आणि गाळ डोळ्यांना दिसतो. टाकीतला गाळ कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुणी काढत नाही.

तिरफळ

बारा मिनिटं!! एवढ्यात तर आमच्याकडे चहासुद्धा उकळत नाही.

काका, हे सगळं तुम्ही निवृत्तीनंतरच का बोलता हो?

मुरूम_खडी

आधीही बोलायचो. फाईलवर. फाईल कोरड्या जागी होती.

सेराँगून_ते_सायन

सिंगापुरात नऊ वर्षं राहून परत आलो. बिशानच्या बागेत मुलगा सायकल शिकला. धागाकर्त्यांनी दोन गोष्टी गाळल्या, त्या महत्त्वाच्या आहेत.

एक, क्रम. त्यांनी आधी नदी धुतली आणि मग बाग केली. सिंगापूर आणि कल्लांग नद्यांची सफाई १९७७ ते १९८७, तब्बल दहा वर्षं चालली. काठावरच्या झोपड्या, डुकरं-बदकं पाळणारे, फेरीवाले, सगळ्यांना हलवलं. मैलापाण्याच्या वाहिन्या आणि पावसाळी गटारं तिथे पूर्ण वेगळी आहेत. बिशानची बाग त्यानंतर पंचवीस वर्षांनी आली. आपण थेट शेवटच्या पानावर उडी मारतोय. आजच्या अवस्थेत दहिसर नदी बागेत घेतलीत तर हिरवळीवर काय पसरेल, याची कल्पना करा. जेवताना करू नका.

दोन, भोंगे. त्या बागेत पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं आहेत. पाणी चढायला लागलं की दिवे लागतात, भोंगा वाजतो, लोकांना काठावरून वर यायला सांगतात. आम्ही एकदा त्यात सापडलो. पाय बुडवून बसलो होतो, भोंगा झाला, उठलो आणि मुलाच्या चपला शोधेपर्यंत आम्ही बसलो होतो तो दगड दिसेनासा झाला. एवढी शिस्त असेल तरच बुडणारी बाग बांधावी. आपल्याकडे लोक भोंगा वाजला की व्हिडिओ काढायला खाली उतरतील.

कुर्ल्याचा_पक्या

+१. उतरतीलच. मी स्वतः उतरेन.

बाकी मिठीवाल्यांच्या वतीने एक शंका. तुमच्या नदीला निदान बारा किलोमीटर मोकळं आकाश आहे. आमची विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते आणि पुढे बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) कुशीला लागते, जिथे आधी तिवरं (खारफुटी) आणि खाजणं होती. बाग कुठे करू? टॅक्सीवेवर?

पिंपळपार

@पक्या, मिठीच्या मुखाशी एक उदाहरण आहे की. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. कचऱ्याचं डंपिंग होतं ते, सदतीस एकर. १९९४ पासून लोकांसाठी खुलं आहे आणि आज आत गेलं की समोर सायन-वांद्रे लिंक रोड आहे हे विसरायला होतं. ते पूर झेलायला बांधलेलं नाही, मान्य. पण कचऱ्यावर जंगल उभं राहू शकतं हे तरी मुंबईने करून दाखवलंय.

@सेराँगून, तुमचे दोन्ही मुद्दे शंभर टक्के मान्य. क्रमाचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता. नदीत उतरणारं सांडपाणी अडवणं, काठाने वाहिनी टाकून ते शुद्धीकरण केंद्राकडे वळवणं, तबेल्यांच्या शेणाची वेगळी सोय, हे आधी. बाग नंतर. निदान बरोबरीने.

खाडीकाठची

मी गोराईची. माहेर मनोरी. तुम्ही सगळे वरून बघताय, मी खालून बोलते.

तुमची नदी आमच्या खाडीत येते, तुमचं सगळं घेऊन. बाबा सांगायचे, पावसाच्या सुरुवातीला गोडं पाणी खाडीत आलं की बोयटं (मासे) वर चढायची, पोरं टोपलीने पकडायची. निवट्या तर चिखलात हात घातला की सापडायच्या. आता पहिल्या पावसात जाळ्यात काय येतं? पिशव्या, चपला, थर्माकोल. जाळं धुण्यात दुपार जाते.

दोन गोष्टी सांगते, त्या नकाशात दिसायच्या नाहीत.

उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. उधाणाची भरती आपल्याकडे दुपारी बारा-एकला येते आणि पुन्हा मध्यरात्री. त्या वेळेत वरून लोंढा आला तर त्याला पुढे जायला वाटच नाही. उलट खाडीच नदीत शिरते. भांगाच्या दिवसांत तेवढाच पाऊस पडला तर काही होत नाही. काकांनी सांगितलेले दोन-तीन तास म्हणजे हेच. कोळणीला विचारलं असतं तर अहवाल छापायच्या आधी कळलं असतं.

दुसरं, गावठाणाजवळ खाली बाग खणू नका. तिथे हातभर खणलंत की खारं पाणी वर येतं. तुमचा खड्डा पाऊस पडायच्या आधीच भरतीने भरलेला असेल. खणायचं ते वर, दौलतनगर-श्रीकृष्णनगरच्या बाजूला. खाली फक्त तिवरांना हात लावू नका, ती आपोआप बाग आहेत. हायकोर्टाने २००५ मध्येच सांगितलंय, तिवरं तोडायची नाहीत आणि भोवती पन्नास मीटर सोडायचे. तरी रात्री डंपर येतातच.

मुरूम_खडी

खाडीकाठच्या ताईंना नमस्कार. भरतीच्या पाण्याने खड्डा आधीच भरलेला असणं, ही चूक मी कागदावर होताना पाहिली आहे. कुठे ते सांगत नाही.

गोळी_औषध

मी परिचारिका आहे, म्हणून कटकट करते.

१. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप). पुराच्या पाण्यात उंदीर-गुरांचं मूत्र असतं, पायाला खरचटलेलं असेल तर पुरतं. २००५ नंतर वॉर्डात जे पाहिलं ते विसरणार नाही. बाग बुडून गेली की दुसऱ्याच दिवशी पोरं अनवाणी फुटबॉल खेळायला येणार. तेव्हा पाणी ओसरल्यावर गाळ धुवून, चुना किंवा जंतुनाशक टाकून मगच फाटक उघडायचं, हा नियम हवा. आणि पुराच्या पाण्यातून चालून आलात तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना दाखवा. "काही होत नाही" म्हणणारे आयसीयूत भेटतात.

२. डास. पाणी दोन-तीन दिवसांत पूर्ण गेलं तर डासांची अंडी मोठी व्हायला वेळच मिळत नाही, त्यांना आठ-दहा दिवस लागतात. पण मध्ये मध्ये डबकी राहिली, खेळण्यांच्या टायरमध्ये, कारंज्याच्या हौदात, तर डेंग्यूची नर्सरी तयार. उतार नीट हवा. आणि कृपा करून ते सिमेंटचे मशरूम आणि हत्ती नकोत, सगळ्यांच्या पोटात पाणी साठतं.

तिरफळ

सिमेंटच्या मशरूमवर कायमची बंदी हवी, लेप्टो असो वा नसो.

भिंतीपलीकडे

पहिल्यांदाच लिहितोय. दोन वर्षं वाचतो फक्त.

मी नदीकाठच्या वस्तीत राहतो. तुम्ही ज्याला मोकळी जागा म्हणताय, पाणी पसरायला, ती बहुतेक वेळा आमचं घर असतं. धाग्यात वरपासून खालपर्यंत बघा, सेराँगूनवाल्यांनी एक वाक्य लिहिलं, "सगळ्यांना हलवलं", आणि कुणी विचारलं नाही कुठे.

पूर आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त कळतो. पाणी पायरीच्या कुठल्या विटेला लागलं की गॅस सिलिंडर वर चढवायचा, हे आमच्या आईला माहीत आहे. कुठल्या नाल्यातून आधी पाणी येतं, कुठली मोरी कचऱ्याने बंद होते, सगळं. आजवर मोजायला चार वेळा लोक आले, एका कार्यालयाने तर दोनदा एकच फॉर्म भरून घेतला. पाणी कुठून येतं, हे एकदाही विचारलं नाही.

आम्हाला जायचं नाही असं नाही. दर पावसाळ्यात जागून कुणाला राहायचंय? पण बाग झाली आणि आम्ही माहुलला गेलो, असं नको. रिफायनरीच्या शेजारी. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून तिथे हलवलेल्यांचं काय झालं सगळ्यांनी वाचलंय. शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की तिथे जायची सक्ती करू नका. दोन किलोमीटरच्या आत घर दिलं तर उद्या सामान बांधतो. बायकोची कामं इथे आहेत, मुलीची शाळा इथे आहे.

पिंपळपार

तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. खरं सांगतो, मूळ लेखात मी "समोरच्या काठावरची चाळ" एवढं लिहून पुढे गेलो. तिथे राहणाऱ्यांना विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

तुमच्या आईंच्या पायरीची वीट, याला इंजिनिअर लोक पूरपातळीची खूण म्हणतात आणि ती मिळवायला पैसे मोजतात. अशा खुणा घराघरांतून गोळा केल्या तर सांडव्याची उंची ठरवता येईल का? @मुरूम_खडी?

मुरूम_खडी

येईल. चार बोटं चुकू नयेत म्हणालो ना, ती चार बोटं तिथूनच मिळतात. २००५ ची खूण आणि साध्या मोठ्या पावसाची खूण, दोन्ही वेगळ्या घ्या. आपल्याला दुसरी जास्त उपयोगाची. ९४४ साठी कुणीच बाग बांधत नाही.

अर्थात, बांधतातही. योकोहामाजवळ त्सुरुमी नदीचं पूर साठवणारं मैदान आहे, ३९ लाख घनमीटर क्षमतेचं. त्यातच उद्यान आणि त्यांचं मोठं स्टेडियम, तेही खांबांवर उभं. २०१९ च्या ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं तेव्हा मैदानात ९ लाख ४० हजार घनमीटर पाणी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वर जपान-स्कॉटलंड रग्बी विश्वचषकाचा सामना झाला. वरचा माझा आकडा पुन्हा बघा. आपल्या एका चौरस किलोमीटरवर २६ जुलैला पडलेलं पाणी आणि त्या मैदानाने त्या वेळी झेललेलं पाणी जवळजवळ सारखंच आहे.

लेणीवेडा

अवांतर, पण राहवत नाही. याच नदीच्या डोंगरात कान्हेरी आहे. शंभरावर लेणी आणि जवळजवळ प्रत्येकीच्या दाराशी पाण्याचं टाकं. शिलालेखांत त्याला "पोढी" म्हटलंय. कातळावर पडलेलं पाणी खोदलेल्या बारीक पन्हळीतून टाक्यात येतं, एक भरलं की पुढच्या टप्प्यावर. पावसात एकदा जाऊन त्या पन्हळी बघा. पाणी जिथे पडतं तिथेच थोडं थोडं अडवायचं, हे त्या भिक्खूंना पक्कं कळलं होतं. इथे चर्चा खाली नदी आल्यावर काय करायचं याची चाललीय, मग वरच्या सोसायट्यांच्या गच्चीवरच्या पाण्याचं काय?

हिरवा_चाफा

झाडांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. बुडणाऱ्या बागेत लॉन आणि शोभेचे पाम लावलेत तर दुसऱ्या वर्षी चिखल. काठाशी वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, यांना पाय पाण्यात असलेले चालतात. उतारावर वाळा, मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. मधल्या भागात साधं रानगवत, वर्षातून दोनदा कापायचं. गुलमोहर नको, उथळ मुळांचा, पावसात आडवा होतो. बाकं काँक्रीटची किंवा दगडाची, लाकडी नकोत. दिव्यांचे डबे पूररेषेच्या वर. शॉक लागून माणूस गेला तर बाग कायमची बंद होते, आणि व्हायलाच हवी.

कुर्ल्याचा_पक्या

प्रतिसाद काढून टाकला आहे. (राजकीय होतं.)

तिरफळ

एक गोष्ट राहिली. राष्ट्रीय उद्यानापासून खाडीपर्यंत सलग हिरवा पट्टा झाला तर बिबट्यासाठी मॉर्निंग वॉकचा ट्रॅक तयार. सहा वाजता बाक कुणाचं, हे आधी ठरवून घ्या.

रोखठोक

सगळं वाचलं. बारा मिनिटं आणि बुटका सांडवा हे पटलं. माझी भिंत राहणार असेल तर बागेची भिंत नसली तरी चालेल. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हे मांडतो, पण "बाग बुडवायची" हा शब्द वापरणार नाही, अर्धे लोक उठून जातील. दुसरा शब्द सुचवा.

गोळी_औषध

"पाणी विसाव्याची बाग" म्हणा. लग्नपत्रिकेतल्यासारखं वाटतं, पण चालेल.

पिंपळपार

चालेल. तर मग ठरवूया. येत्या रविवारी श्रीकृष्णनगरच्या पुलापासून चालत खाली जाऊ. ज्यांच्या घरात पाणी येतं त्यांना विचारून, हो म्हणाले तरच, भिंतीवरची खूण मोजायची. मीटर टेप माझ्याकडे आहे. काका लेव्हल मशीन आणू शकतील का?

मुरूम_खडी

मशीन कशाला. पंधरा मीटरची पारदर्शक नळी आणि पाणी. गवंड्याची लेव्हल. ती आणतो.

भिंतीपलीकडे

आमच्या गल्लीत मी घेऊन जातो. आईला सांगून ठेवतो. सकाळी लवकर या, नऊनंतर नळाला पाणी येतं, बायका मोकळ्या नसतात.

खाडीकाठची

रविवारी पंचमी आहे. भरती दुपारी साडेतीनच्या पुढे. सकाळी दहापर्यंत ओहोटीच असेल, गावठाणाजवळचा तळ दिसेल. मी खालून वर येते, तुम्ही वरून खाली या. चपला नको, बूट घाला. काचा आहेत.